आजारी हत्ती

देव प्रत्येकाच्या बोटांत एखादी विद्या ठेवूनच धाडतो, फक्त ती कुणासाठी ठेवली हे सांगायचं विसरतो. समुद्राकाठच्या त्या रिसॉर्टमध्ये खोल्या आवरणाऱ्या बाईच्या बोटांत टॉवेल होते. मोठ्या टॉवेलच्या दोन्ही कडा मध्यापर्यंत गुंडाळायच्या, मधोमध दुमडून उभं करायचं, की झाले चार पाय. लहान टॉवेलची सोंड वर बसवली की पलंगावर हत्ती हजर! कामावरचे सगळे तिला हत्तीणबाई म्हणत. अंगानं काडीसारखी होती, म्हणून तर जास्तच.

पाहुण्यांची मुलं खूश होऊन चिठ्ठ्या ठेवून जात, पण त्या हत्तीच्या नावानं. हिला कुणी पाहिलेलंच नसे. पाहुणे बाहेर पडले की ही आत, ते परतायच्या आत ही बाहेर.

तिची सात वर्षांची लेक दोन दिवसांच्या वाटेवर, हिच्या धाकट्या बहिणीकडे वाढत होती. दोन वर्षांची असताना तिला ठेवून आली, ती मधे एकदाच जाऊन आली. तेव्हा पोर मावशीमागे लपली होती. फोनवर 'हो', 'नाही', 'जेवले' एवढ्यात उरकायची आणि "मावशी, घे गं" म्हणून पळायची. एकदा हिनं सहज व्हिडिओ लावून फोन पलंगावरच्या हत्तीकडे धरला, आणि तेव्हापासून रोज दुपारी अडीचला फोन पोरीचाच.

"आज कोण?"

आज हंस, आज माकड, आज कासव. चित्र प्राण्याचं, आईचा नुसता आवाज. पाच मिनिटं चालायचं सगळं. त्या पाच मिनिटांवर हत्तीणबाईचा दिवस उभा होता.

एका सोमवारी सुपरवायझरबाईंनी सांगितलं, "आजपासून प्राणी बंद. टॉवेल धुऊन येतील तसे पिशवीबंद ठेवायचे. हाताळलेले नकोत म्हणतात पाहुणे."

"मुलं असतील त्या खोलीत तरी, बाई?"

"अगं, हत्ती तुझा, पण टॉवेल मालकांचा. एक पिशवी फुटलेली दिसली तर तू आणि मी, दोघी घरी बसू."

बाई मनानं वाईट नव्हत्या, पोरीच्या फोनचं त्यांना ठाऊक होतं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आज जेवणाची सुट्टी वाटलं तर अडीचला घे."

अडीचला हत्तीणबाई रिसॉर्टमागच्या आपल्या खोलीत खाटेवर बसली होती. दोरीवरचा स्वतःचा टॉवेल तिनं ओढला. पाच वर्षं अंग पुसून तो इतका विरला होता की पलीकडची खिडकी दिसावी. गुंडाळला, दुमडला, उभा केला. हत्तीनं बसकण मारली. पुन्हा उभा केला, पुन्हा तेच. सोंडेसाठी हातरुमाल लावला, तो गळून पडला. तेवढ्यात फोन वाजला.

"आज कोण?"

"हत्ती आहे. जरा आजारी आहे."

"हा हत्ती? हे तर भिजलेलं मांजर आहे! मावशी, बघ गं, ह्याच्या पायांत जीवच नाही!"

मागे कुठेतरी बहीण हसली.

"उद्या चांगला करते हं," ही म्हणाली. उद्या कुठून आणणार, ते देवालाच ठाऊक. आता 'मावशी, घे गं' येणार म्हणून तिनं डोळेच मिटले.

"थांब ना. त्याला मांडीवर घे. मी आजारी पडले की मावशी मला मांडीवर घेते."

मांडीवर घ्यायचा तर फोन धरायला हात उरेना. तिनं तो खिडकीत पाण्याच्या बाटलीला टेकवला. हत्तीला मांडीवर घेतलं, एका हातानं सोंड सावरली आणि समोर पाहिलं.

पलीकडे पोरीनं तोंड पडद्याच्या अगदी जवळ आणलं.

"तुझे केस पांढरे झालेत," पोर म्हणाली.

"झालेत थोडे."

"फोटोत काळे आहेत."

"तो जुना आहे गं."

हत्तीचा एक पाय घसरला. आपण हललो तर चित्रातून जाऊ, म्हणून तिनं तो घसरू दिला.

"उद्या पण ह्यालाच घेऊन बस," पोर शेवटी म्हणाली. "बरा झाला का, ते बघायचंय." आणि लगेच, "मावशी, घे गं."

फोन ठेवल्यावरही ती तशीच बसून राहिली. सुट्टीची दहा मिनिटं उरली होती. टॉवेल तो, त्याला वजन ते किती! पण तिला उठवेना.

संध्याकाळी अंघोळ झाल्यावर तिनं अंग जुन्या ओढणीनं पुसलं. हत्ती खाटेवर भिंतीला टेकून बसला होता.