उठतो, मुकादम

मी पिच्चर बोलतोय. साधासुधा नव्हे, दर्याचा ऐतिहासिक पिच्चर! माझ्या पोटात तीन गलबतं, दोन तुफानं, एक जळतं बंदर आणि चारशे माणसं आहेत. अख्खा समुद्र घेऊन फिरतो मी. आता खरंच विचाराल, तर मी मधे भोक असलेली एक चकती आहे, आष्टीजवळच्या ज्वारीच्या रानात सुतळीला लटकतोय, आणि आजवर माझ्या अंगाला लागलेलं पाणी म्हणजे पुसताना लावलेली थुंकी.

पण हसू नका. हसायचं काम माझं.

थेटरात मी चारच दिवस टिकलो. मग मला चकतीत भरून, कागदी डबीत घालून बाजारात सोडलं. आष्टीत मला उचललं बद्रीनाथ मुकादमानं. हा ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला नेणारा माणूस. आधी पोट येतं, मग बद्रीनाथ. माझ्यावर त्याचं प्रेम असायला कारण होतं. शूटिंगला वल्हं मारणारे गुलाम पाहिजे होते, काळे, काटक, फासळ्या दिसतील असे. बद्रीनाथनं आपली टोळीच कोकणात नेऊन उभी केली. कंपनीचा रंगरंगोटीचा खर्च वाचला.

त्या टोळीत शहादेव होता. त्याला शूटिंगच्या साहेबानं बजावलं होतं, चाबूक पडला की गप मान खाली घालायची. चाबूक खोटा, कापसाचा. पण तो पडला आणि शहादेवच्या हाडातली सवय जागी झाली. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "उठतो, मुकादम, उठतो!" तीनशे वर्षांपूर्वीच्या गलबतावर! साहेबाला ते तोंड इतकं आवडलं, की त्यानं ते तसंच ठेवलं.

दसरा झाला की टोळी कारखान्याला निघायची. त्या सकाळी सगळी बद्रीनाथच्या ओसरीवर जमायची. चहा चालू असताना तो मला लावायचा. सगळा नाही, चाबकाचं तेवढंच.

"बघा बे, दर्यात बी माझंच नाव घेतंय येडं!"

टोळी खो खो हसायची. त्यातल्या प्रत्येकानं हे शब्द कधी ना कधी म्हटलेले, म्हणून तर जास्तच हसायची. मलाही चेव चढायचा. मी नेमका तिथंच अडकायचो. उठतो… उठतो… उठतो… चाबूक वर, चाबूक खाली. एकदा तर चाळीस वेळा! शहादेवही हसायचा. "लई मार खाल्ला बरं का," म्हणायचा आणि बशीतला चहा सांडायचा.

मग एका साली त्याची लेक ऋतुजा पुढं बसली. सात वर्षांची. सगळे हसत असताना तिनं विचारलं, "आबा, तुमी नुसतंच उठतो उठतो म्हणता. उठत कावून न्हाई?"

ओसरी आणखीच हसली. शहादेव हसला नाही. लोक ट्रकात बोचकी चढवत होते, तेव्हा त्यानं मला यंत्रातून काढलं, कोयत्याचं टोक टेकवलं आणि चरा ओढला. माझ्यात कुठं काय असतं हे त्याला काय कळणार? पण ऊस बुडाशी तोडणारा हात तो. बसला नेमका. तेव्हापासून चाबूक वर गेला की मी टुणकन किनाऱ्यावर उडी मारतो.

बद्रीनाथनं मला उकिरड्यावर भिरकावलं. शहादेवची बायको दगडाबाई, तिनं उचलून पत्र्याच्या पेटीत ठेवलं. "नवरा हाय माझा त्यात," म्हणाली.

गेल्या साली शहादेव कारखान्याच्या रांगेत उसाच्या ट्रॉलीखाली गेला. चेहरा ओळखू येईना. मोबाइल खिशातच चेपला. भिंतीला लावायला फोटो हवा, तर आधार कार्डावर एक काळा डाग. मोठा करून पाहिला, तर मोठा डाग.

मग मी आठवलो. आष्टीत प्रवीणच्या फोटो स्टुडिओत जुनं यंत्र निघालं. दगडाबाई स्टुलावर पदर आवळून बसली. मी तिला सगळं दाखवलं. गलबतं, तुफान, सरदाराचा पांढरा घोडा तर अगदी जवळून, नाकपुड्यांसकट. गुलामांची रांग आली. शहादेवचा कान, गालाचं हाड, अर्धं तोंड… आणि मी किनाऱ्यावर!

"काकू, नेमका तिथंच चरा हाय."

"आनिक एक डाव लाव."

सात वेळा लावलं, सातही वेळा उडालो. ठरवून नाही हो. ठरवून केलं असतं, तर मजा तरी आली असती.

"अर्धं तोंड निघंल," प्रवीण म्हणाला, "पर चाबूक बी येतोय त्यात."

"मग नगं." तिनं माझ्या चऱ्यावरून बोट फिरवलं. "कोयत्याची खूण हाय ही. त्येचाच हात."

आता ज्वारी हुरड्यात आलीय आणि दगडाबाईनंच मला पाखरं हाकायला टांगलंय. पाखरं कसली भितात! चिमण्या माझ्यात तोंड बघतात. दुपारी दगडाबाई बांधावर भाकरी सोडते, तेव्हा मात्र माझी जुनी खोड जागी होते. मी तिच्या डोळ्यात उन्हाची तिरीप मारतो.

"दगडाबाई, नवरा हाय माझ्या पोटात! दाखवू का? हात जोड, म्हण उठतो! बरं, ऱ्हायलं. उतरव की गं मला. उन्हानं माझा दर्या विटत चाललाय. पेटीत ने. एखादे दिवशी दाखवीनही."

तिला ऐकू जातं की नाही कोण जाणे. आज मात्र ती उठली, हातावरचा भाकरीचा चुरा झटकला, जवळ आली आणि माझ्या सुतळीची गाठ आणखी आवळली.

"चमक, किती चमकायचं त्ये. माझ्या नवऱ्याला चाळीस चाळीस डाव मारलंस. पर त्यो एकदाच मेला, सुटला. तू लटक."