माझे चोरलेले तास

मित्रांनो, मी जुनी बोट आहे. माझे वय मी कधीच लपवले नाही. ते दुसऱ्यांनी लपवले, आणि त्याबद्दल मला अजून राग आहे. एरवी आमच्यासारख्या वस्तू आपली गोष्ट गोड करून सांगतात. मला ते जमणार नाही.

मी साधी सफरीची बोट नव्हे. माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात फक्त लाट उठवण्यासाठी झाला. माझ्या पोटात पाण्याच्या मोठ्या टाक्या आहेत. त्या भरल्या की मी मागच्या बाजूने खोल बसते, ट्रॅक्टरसारखी संथ चालते आणि माझ्यामागे कमरेएवढी लाट उठते. त्या लाटेवर माणूस फळी घेऊन उभा राहतो. सुरुवातीला तो दोरी धरतो, मग सोडून देतो. दोरी सुटल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जे हसू येते, ते मी शेकडो वेळा पाहिले आहे. माणूस माझ्या इतक्या जवळ असतो, म्हणून मला ढकलणारा पाण्यातला पंखाही पोटाखाली, पुढे दडवून बसवला आहे.

माझी पहिली नऊ वर्षे पुण्याच्या बाजूला एका जलाशयावरच्या क्लबात गेली. तिथे मला वना चालवत असे. वना मूळचा शिरपूरकडचा, तापीकाठचा. मी पन्नास तास चालले की तो माझे तेल बदलायचा. रोज संध्याकाळी टाक्या रिकाम्या करून आतून कोरड्या करायचा. मागचे झाकण उघडून धुराच्या नळीचा प्रत्येक सांधा बोटाने चाचपायचा आणि म्हणायचा, "माय, तू ठीक शे ना?" मला माय म्हणणारा तो एकटाच. लोक माझ्याजवळ उभे राहून फोटो काढत, माझ्या रंगाची तारीफ करत. वना माझे तास मोजत असे. चौदाशे साठ तास मी त्याच्या हाताखाली काम केले.

मग क्लब बंद पडला. वनाला घरी पाठवले आणि मला भिंतीकडेला लावले. तीन पावसाळे मी उघड्यावर काढले. गाद्यांत उंदरांनी घरे केली. धुराच्या नळीचा एक सांधा गंजून सैल झाला. माझ्यावर साधे ताडपत्रीचे तुकडेही कोणी टाकले नाहीत. ज्या हातांनी फोटोसाठी मला मिठ्या मारल्या होत्या, ते हात कुठे गेले होते?

शेवटी मला अभिमन नावाच्या दलालाने उचलले. मुंबई-आग्रा महामार्गावर सोनगीरच्या अलीकडे त्याचे जुन्या गाड्यांचे आवार आहे. तिथे मला घासूनपुसून चकाचक केले. नव्या गाद्या, निळे दिवे, मोठा आवाज काढणारे स्पीकर. इथवर माझी काही तक्रार नव्हती. पण एके दिवशी भर दुपारी अभिमनने माझे तासांचे मीटर काढले आणि एका मोडक्या बोटीचे मीटर तिथे बसवले. त्यावर आकडा होता दोनशे बारा.

मित्रांनो, विचार करा. तुम्ही नऊ वर्षे इमानाने राबलात आणि कोणी येऊन म्हणाले, यातले बरेचसे घडलेच नाही! वनाची ती सगळी मेहनत, ते सगळे लोकांचे हसू एका पेचकसाने काढून फेकून दिले. त्या दिवशी मला बोलता आले असते तर मी काय बोलले असते, ते लहान मुलांसमोर सांगण्यासारखे नाही.

त्यानंतर जळगावचे ज्ञानचंदशेठ मला पाहायला आले. त्यांचा डाळीचा व्यापार. यावलच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी एका धरणाकाठी त्यांनी शेत घेतले होते. मुलगा रोनक कुठेतरी हा खेळ पाहून आला होता आणि घरी बोट हवी म्हणून वर्षभर मागे लागला होता. बरोबर रोनकची बायको पलक आणि अकरा वर्षांची मुलगी प्रियल होती. शिवाय शेठनी असोद्याहून तोताराम मिस्तरींना आणले होते. तोतारामनाना चाळीस वर्षे ट्रॅक्टर दुरुस्त करत आलेले.

रोनकने दिवे लावून पाहिले. स्पीकर वाजवून पाहिला. शेठनी गाद्या दाबून पाहिल्या. माझ्या पोटाखाली कोणी वाकून पाहिले नाही. पाहिले ते फक्त नानांनी. ते खाली झोपले, वर आले, माझ्या चालवायच्या चाकावर हात फिरवला आणि मग मागचे झाकण उघडले.

"शेठ, मीटर दोनशे बारा तास दाखवते," ते म्हणाले. "मंग हे चाक एवढं काहून घासलं? ट्रॅक्टरचं स्टेरिंग हजार तासालेबी असं होत नही."

अभिमन हसला. "नाना, ही बोट शे, ट्रॅक्टर नही. बठ्ठं ओके शे, शेठ. खिळा बी बदलानी गरज नही."

"आन हे काळं?" नानांनी सांध्याजवळची काजळी बोटावर घेऊन दाखवली. "इथून धूर गळते. हा सांधा बदलल्याबिगर लेकराईले मांगे बसू देऊ नका. मी आत्ताच सांगून ठेवतो."

मला वाटले, सुटले! कोणीतरी मला पाहिले. पण शेठना घाई होती. धरणात पाणी भरलेले होते, पाहुण्यांना आमंत्रणे गेली होती. ते नानांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तोतारामभाऊ, तुमचा हात ट्रॅक्टरवर. बोटीतलं या अभिमनला कळतं." पलक पुढे होऊन म्हणाली, "पप्पाजी, सांधाच तर बदलायचा आहे. बदलून मग नेऊ ना." रोनक म्हणाला, "अगं, नंतर करू." नंतर! या एका शब्दाने जगातली किती यंत्रे आणि किती माणसे मारली असतील.

मी धरणावर आले. डिसेंबरचा महिना, रविवारची सकाळ. गार वारा होता म्हणून पुढचा कापडी पडदा लावून घेतला. पलकने हट्टाने प्रियलला तरंगणारे जाकीट घातले, स्वतःही घातले. रोनक म्हणाला, मी सावकाश चालवतो, गळ्यापर्यंत बांधायची काय गरज? पण तिने बंद सोडले नाहीत. रोनकने टाक्या भरल्या आणि नुसती लाट कशी उठते ते पाहायला गोल गोल फेऱ्या सुरू केल्या. लाट मागे उठते, म्हणून प्रियल मागच्या गादीवर जाऊन पालथी पडली. ती गादी म्हणजे माझ्या यंत्रावरचे झाकण. ऊबदार असते. मुलांना आवडते.

त्या झाकणाखालून विष निघत होते आणि पुढच्या पडद्याने वारा अडल्यामुळे ते मागच्या गादीवरच साचत होते. त्या विषाला रंग नसतो आणि वासही नसतो. मी ते थांबवू शकत नव्हते. माझे यंत्र माझ्या ताब्यात नाही, मित्रांनो. किल्ली ज्याच्या हाती, त्याच्या ताब्यात आहे. मी घरघरत होते आणि ते लोक म्हणत होते, आवाज काय दमदार आहे!

"आजोबा, डोकं दुखतंय," प्रियल म्हणाली.

"वारं लागलं असेल. थोडं पाणी पी," शेठ पुढून म्हणाले.

ती पाणी प्यायला उठली नाही. थोड्या वेळाने ती झोपल्यासारखी दिसली. रोनकने वळण घेतले, मी कलले आणि ती गादीवरून घसरून पाण्यात गेली. ओरडली नाही, हातही हलवला नाही. पलकने मागे वळून पाहिले तेव्हा गादी मोकळी होती.

"रोनक, बंद कर! बंद कर!"

पलकला नीट पोहता येत नव्हते. अंगात जाकीट होते, तेवढ्यावर तिने उडी टाकली. प्रियल पाण्यावर उताणी तरंगत होती, ओठांचा रंग गेलेला. त्या जाकिटाने तिचे तोंड वर धरले होते. पलकने तिला माझ्या मागच्या पाटापर्यंत ओढत आणले, रोनकने वर घेतले आणि काठाला लागताच गाडी जळगावकडे सुटली. दोन दिवस मुलीला ऑक्सिजनवर ठेवावे लागले. यंत्राचा धूर रक्तात गेला, असे डॉक्टर म्हणाले. अजून अर्धा तास गेला असता तर, एवढेच बोलून त्यांनी पुढचे वाक्य सोडून दिले. मुलगी वाचली. पण तिचे डोके पुढे कित्येक महिने दुखत राहिले.

आणि दोष कोणाला मिळाला? मला. "ही बोटच पनवती आहे," शेठ म्हणाले. "हिला घरातून काढा." नानांचे नावसुद्धा कोणी घेतले नाही. माणसाने न ऐकल्याचे पाप वस्तूच्या पायगुणावर ढकलले की माणूस मोकळा.

शेठनी अभिमनला फोन लावला. काठावर उभे राहून बोलत होते, फोनचा आवाज मोठा होता. आधी ते चिडले, ओरडले. पलीकडून अभिमन म्हणाला, "शेठ, गिऱ्हाईक मी आनस. तुम्ही फक्त गप राहा." आणि शेठ खरोखरच गप राहिले. मला वाटले होते, नातीला त्या अवस्थेत पाहिलेला माणूस तरी हे करणार नाही. सांध्याजवळची काजळी मात्र दुसऱ्याच दिवशी कापडाने पुसली गेली.

संक्रांतीनंतर फैजपूरहून एक जोडपे आले, नवीन आणि मोनाली. केळीचे बागाईतदार. दोन लहान मुले बरोबर, एक कडेवर, एक बोट धरून.

"तास किती झालेत?" नवीनने विचारले.

"दोनशे पंधरा. मीटर समोरच आहे," शेठ म्हणाले.

मोनालीने मागची गादी पाहिली. "इथं लेकरं बसली तर चालतील का हो, काका?"

शेठ धरणाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "चालतील की."

मी आयुष्यात इतकी कधी संतापले नव्हते. मीटर बदलले तेव्हाही नाही.

पलक घरातून चहाचा ट्रे घेऊन येत होती. तिने ते ऐकले. ट्रे तिने तिथेच मातीवर ठेवला, चढून वर आली आणि झाकण उघडले.

"नाही चालणार," ती म्हणाली. "हा सांधा गळतो. माझी मुलगी याच गादीवर बेशुद्ध झाली आणि पाण्यात पडली. आणि मीटर खोटं आहे."

मोनालीने कडेवरच्या मुलाला छातीशी धरले. जाताना ती पलकच्या दंडावर हात ठेवून क्षणभर उभी राहिली, मग गेली. गाडी दिसेनाशी झाल्यावर शेठ म्हणाले, "बाहेरच्यांसमोर माझी मान खाली घातलीस."

"पप्पाजी, त्यांचीही दोन होती," पलक म्हणाली. "तुम्ही पाहिलीत ना?"

शेठ पायऱ्या चढून गेले. महिनाभर ते सुनेशी बोलले नाहीत. रोनक दोघांच्या मध्ये खाली मान घालून वावरत राहिला. पण पलकने स्वतः असोद्याला जाऊन तोतारामनानांना आणले. नानांनी सांधा बदलला, नळी बदलली, विषारी धूर साचला की भोंगा वाजवणारे एक यंत्र बसवले. नाशिकहून एक कारागीर बोलावला. त्याने माझ्या यंत्राच्या आत साठलेली खरी नोंद काढली. मीटर बदलणाऱ्याला तिथे हात घालता आला नव्हता. चौदाशे त्रेसष्ट तास. वनाकडचे चौदाशे साठ आणि नंतरचे हे तीन. नाना आकडा वाचून म्हणाले, "एवढं राबूनबी यंत्र मजबूत हाये. कोणीतरी जीव लावेल व्हता हिले." मित्रांनो, तेव्हा मात्र माझा राग थोडा वेळ मला सापडेना.

शेठचे घर जैन. भाद्रपदात त्यांची संवत्सरी आली. वर्षभरात जाणता-अजाणता दुखावले, त्याची क्षमा मागायचा दिवस. शेठ शेतावरच होते. सकाळी ते प्रियलसमोर जमिनीवर बसले, हात जोडले आणि म्हणाले, "मिच्छामि दुक्कडम्, बेटा. तू सांगितलं होतंस डोकं दुखतंय, मी ऐकलं नाही." प्रियल घाबरून आईकडे पाहू लागली. मग शेठ पलककडे वळले आणि नुसतेच हात जोडले. दुपारी त्यांनी तोतारामनानांनाही फोन केला. फैजपूरलाही केला.

मला कोणी काही म्हणाले नाही. बोटीला कोण म्हणतो?

आता रोनक मला चालवतो, पडदा उघडा ठेवून, मागे कोणाला बसू न देता. माझी लाट अजून चांगली उठते. प्रियल काठावरच्या दगडावर बसून पाहते. सगळे बोलावतात, ती मान हलवते. मी तिला दोष देत नाही.

तुमच्या घरी कोणी जुने वाहन घ्यायला निघाले तर तुम्हीही बरोबर जा. दिवे पाहून खूश होऊ नका. खाली वाका, झाकण उघडा, ज्याला कळते त्याचे ऐका. लहान मूल डोके दुखते म्हणाले तर आधी यंत्र बंद करा, मग कारण शोधा. आणि विकायची वेळ तुमच्यावर आली तर घेणाऱ्याच्या कडेवर कोण आहे, ते एकदा नीट पाहा. एवढे केलेत तर माझा राग जाईल असे मी म्हणत नाही. पण तुमचे मूल काठावर न बसता पाण्यावर हसेल.