गाडीला पिकअप नाही

लोकांना गाडी चालवायला शिकवणं हा माझा धंदा आणि त्यांच्या चुका काढणं हा माझा छंद. दोन्ही एकाच वेळी साधत असल्यामुळे मी सुखी होतो. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलला गाडी एकच. तिला पुढे दोन्ही बाजूंना ब्रेक आहेत: एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा माझ्या.

तर ही गाडी अचानक कुरकुरायला लागली. सपाट रस्त्यावर गुणी बाळासारखी चालायची, पण हॉस्पिटलच्या चढाला लागली की अर्ध्यातच धापा टाकायची. इंजिन ओरडायचं, गाडी रांगायची, मागचे हॉर्न वाजवून आमचा उद्धार करायचे. मोकळ्या रस्त्यावरही कुणी जरा जोरात रेस दिली की तेच. वर पोहोचेपर्यंत काहीतरी करपल्याचा वास.

तेव्हा माझ्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापिका शिकायला येत होत्या. यजमान गेल्यापासून त्यांची गाडी दारात धूळ खात होती आणि थोरल्या बहिणीला डायलिसिससाठी वरच्या हॉस्पिटलात न्यायचं होतं. त्यामुळे बाईंना चढ येणं भागच होतं.

"रेस द्या, बाई."

"दिली आहे."

"अजून द्या."

"अजून द्यायला खाली जागा नाही. पाय पत्र्याला टेकलाय."

मी चेहऱ्यावर सहनशील हसू आणलं. "सुरुवातीला सगळ्यांनाच तसं वाटतं, बाई. पाय हलका असतो."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मला सतराचा पाढा आठवायला लागला. तो मला आजही येत नाही.

माझा मेहुणा गाड्यांचा मिस्त्री. आम्हा दोघांत आत्मविश्वास अगदी सारखा वाटलेला आहे. ज्ञान वाटण्याइतकं नव्हतं, म्हणून ते राहून गेलं. त्याने बॉनेट उघडलं आणि लगेच निकाल दिला.

"भावोजी, एअर फिल्टर चोंदलाय. बिचारीला श्वासच घेता येत नाहीये."

फिल्टर बदलला. मेहुण्याने एकट्याने गाडी चढावर नेली, सुसाट गेली. मी नेली, तरी सुसाट गेली. "विमान आहे, विमान!" तो म्हणाला, आणि आम्ही एकमेकांची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी बाई बसल्या आणि विमानाची बैलगाडी झाली.

मग पेट्रोलचा फिल्टर बदलला. मग प्लग. मग मेहुण्याने सायलेन्सर उतरवून त्यात टॉर्च मारली आणि बराच वेळ आत डोकावून "हं" म्हणाला. मीही डोकावलो आणि "हं" म्हणालो. दर वेळी आम्ही चालवली की गाडी ठणठणीत, शिकणारा बसला की आजारी. ब्रेकचे लायनर फार लवकर झिजलेत, हेही मेहुण्याला दिसलं होतं.

"शिकाऊ लोक, दुसरं काय," मी म्हणालो.

"हो ना," तो म्हणाला.

उत्तर आमच्या नाकासमोर होतं. आम्ही ते पुसून परत चाकात बसवलं.

मग मी हिशेब मांडला. गाडी ठीक, मेहुणा ठीक, मी तर ठीकच. उरल्या बाई. हे मी त्यांना शक्य तितक्या गोड शब्दांत सांगितलं.

"म्हणजे दोष माझ्या पायाचा?"

"दोष असं नाही म्हणत मी..."

"तसंच म्हणताय. चला, आज पुन्हा चढावरच जाऊ."

माझी बायको त्याच हॉस्पिटलात नर्स आहे. त्या दिवशी तिची दुपारची पाळी होती आणि योगायोगाने तिची स्कूटर आमच्या मागेच लागली. आरशात ती दिसली तेव्हा मी जरा ताठ बसलो. बायकोने नवऱ्याला काम करताना पाहावं, असं मला नेहमी वाटायचं.

चढाच्या मध्यावर गाडी कण्हली, थरथरली आणि बंद पडली. मी हँडब्रेक ओढला. बायकोने स्कूटर शेजारी घेऊन माझी काच ठोठावली.

"अहो, चढावर ब्रेक कशाला दाबून ठेवलाय? खालपासून मागचे दिवे लालभडक पेटलेत!"

माझा आनंद गगनात मावेना. मी बाईंकडे वळलो. "ऐकलंत? ब्रेकवर पाय! मी काय सांगत होतो?"

बाईंनी दोन्ही पाय शांतपणे वर उचलून धरले.

बायकोने मागे वाकून पाहिलं. "अजून पेटलेतच."

मग आम्ही तिघांनी माझ्या बाजूला खाली पाहिलं. माझा उजवा पाय माझ्या ब्रेकवर खुंटीसारखा रोवलेला होता. तो तिथे कधी गेला, मला खरंच माहीत नव्हतं. पण नाकारायला वाव नव्हता. बूट ओळखीचा होता.

"पाय वर घ्या," बाई म्हणाल्या.

"अं?"

"बूट काढा आणि सीटवर मांडी घाला."

पन्नाशी उलटलेला मी मुकाट्याने मांडी घालून बसलो. बाईंनी गाडी सुरू केली, क्लच सोडला, रेस दिली आणि गाडी अशी उसळली की माझ्या तोंडून 'आई गं' निघालं. वरची कडी मी दोन्ही हातांनी धरली होती. डोळे मिटले होते हे मला नंतर कळलं, कारण वर पोहोचल्यावर बाई म्हणाल्या, "उघडा आता."

हॉस्पिटलच्या फाटकाशी गाडी उभी राहिली.

"मला भीती वाटते, बाई," मी म्हणालो. "चढावर, आणि गाडी दुसऱ्याच्या हातात. पायाला कळलेलं दिसतंय, मलाच कळलं नव्हतं."

मला वाटलं, आता छडी बसणार. पण बाईंनी गाडी बंद करून चष्मा काढला.

"मला वाटायचं, गाडीत मी एकटीच घाबरलेय," त्या म्हणाल्या. "तुम्ही आधी सांगितलं असतंत तर मला किती बरं वाटलं असतं."

बाई परीक्षेत पास झाल्या. आता बहिणीला स्वतःच नेतात. मेहुण्याने झालेला प्रकार ऐकला आणि ठामपणे म्हणाला, "मला पहिल्यापासून ब्रेकचाच संशय होता." बायकोने ताकीद दिली आहे की मांडी घालणं बंद, पाय ब्रेकच्या शेजारी, ब्रेकवर नाही. जमेल तेवढं जमवतो.

ज्यांना ज्यांना 'पाय हलका आहे' म्हणून ऐकवलं होतं, त्यांची माफी मागायचं मी ठरवलं. पहिला फोन एका शिंप्याला केला. तो मध्येच बोलायला लागला.

"मास्तर, तो ब्रेक ना? मला दिसायचं की. मला वाटायचं, आमचा पाय तयार व्हावा म्हणून तुम्ही मुद्दाम करता. सगळ्यांना सांगतो मी, शिकावं तर तुमच्याकडेच!"

मी बायकोकडे पाहिलं. ती भांडी पुसता पुसता ऐकत होती.

"हो," मी फोनवर म्हणालो, "म्हणजे... पद्धत आहे ती एक."

बायको इतकी हसली की शिंप्याने विचारलं, घरी पाहुणे आलेत का.