वरचं खाली कळेना

मित्रांनो, मी एक जुना पाणबुड्यांचा टेलिफोन आहे. आखाती देशातल्या वादी अदाई गावी एका गोदामात पडून आहे, पण कसली आली स्वस्थता! जरा कुठे खुट्ट झालं की वाटतं, खालून कोणी हाक मारतंय.

मी म्हणजे एक पिवळी पेटी आणि लांबलचक वायर. पेटी होडीवर, वायरचं टोक खाली पाणबुड्याच्या हेल्मेटमध्ये. याच देशातल्या खाबुऱ्याच्या किनाऱ्यालगत समुद्रात आठ वर्षं राबलो. पेटी आहे म्हणून बिनघोर उतरतो, असं पाणबुडे म्हणायचे. मीही फुगायचो.

१९९८ साली पाण्याखाली पाइप टाकायचं काम निघालं. खाली उतरायचा स्पेनचा इग्नासियो. वर माझ्यापाशी बसायचा पोर्तुगालचा जोर्ज. इंग्रजी दोघांचं बेताचंच. इंजिनियर देवानंद साहेब नागपूरचे. माणूस हुशार, पण घाई पाचवीला पुजलेली. जोर्जला स्पॅनिश सहज समजतं हे त्यांनी पाहिलं आणि ठरवून टाकलं, भाषा बहिणी-बहिणी, दोघांचं जमणार.

पाणबुड्याला बांधलेली दोरी वरून सांभाळणारा प्रेमानंद गोव्यातल्या पेडण्याचा. जेवताना इग्नासियो जोर्जच्या तोंडाकडे, हातांकडे बघत कसाबसा अर्थ लावतो, हे त्यानं हेरलं होतं.

"साहेब, तुमचं मराठी मला सगळं कळतं," तो एका सकाळी म्हणाला. "सहा वर्षांत माझी कोंकणी तुम्हाला किती कळली?"

साहेब हसले आणि यल्ला, चला चला, म्हणत कामाला लागले.

त्याच सकाळी इग्नासियोच्या डोक्यावर लटकत्या पाइपाचा पट्टा सरकला. बाजूला हो, असं जोर्ज आपल्या भाषेत माझ्यात ओरडला. पोर्तुगीज माणूस घाईत अर्धे स्वर गिळतो, आणि खाली ना त्याचं तोंड दिसत होतं, ना हात. इग्नासियोनं हो हो म्हटलं. मित्रांनो, मी तर शब्द न् शब्द पोचवला होता!

पण बुडबुडे पाइपाखालून हलेनात. प्रेमानंदनं दोरीला चार हिसके दिले. वर ये, अशी ती पाणबुड्यांची जुनी खूण. इग्नासियो निघाला, तोच पाइप कोसळला. जीव वाचला, उजवं पाऊल गेलं.

देवानंद साहेब माझ्यासमोर बसले ते उठेनात. "तो हो म्हणाला होता रे," एवढंच प्रेमानंदला म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून खालच्यानं ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगितल्याशिवाय काम सुरू होत नसे.

पुढे नवी यंत्रं आली आणि माझ्यावर धूळ बसली. बसू दे. पण मित्रांनो, कुणाला "कळलं का?" असं विचारू नका. भला माणूस हो म्हणून मोकळा होतो. "काय कळलं?" असं विचारा, आणि तो सांगेपर्यंत थांबा.