वाढत्या अंगाचं

शिवणकामावर हात बसलेल्या बाईकडून स्वतःच्याच पोराची झोळी चुकावी, हे सांगायलाही लाज वाटते. पण तीन महिने मी सलग तीन तास झोपले नव्हते, आणि झोप नसली की अक्कलही रजेवर जाते.

आमचे साहेब, म्हणजे आमचा तीन महिन्यांचा मुलगा, खाली ठेवले की घर डोक्यावर घ्यायचे. सोमवारपासून मला टेलरच्या दुकानात परत जायचं होतं. सासूबाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारलेला, नवऱ्याची नोकरी फिरतीची. दुकानाचे मालक, आमचे मास्तर, म्हणाले, "घेऊन ये त्याला. अंगावर बांध. मशीन नको, इस्त्री नको. बटणं लाव, हातशिलाई कर." मास्तर एरवी टाचणीसुद्धा परत मागणारा माणूस. मी लगेच हो म्हणाले.

नवऱ्याने कुणाकडून तरी बकलांची तयार झोळी आणली. तिचे पट्टे माझ्या खांद्यात रुतले आणि साहेबांचे पाय खाली लोंबत राहिले. लस देणाऱ्या सिस्टरनी बजावलं होतं, बाळाचे गुडघे ढुंगणापेक्षा वर हवेत, बेडकासारखे. त्यांनी आणखीही बरंच सांगितलं होतं. मी मान डोलावत होते असं त्यांना वाटलं; खरं तर मी डुलक्या घेत होते.

शेवटी मीच एक शिवली. जाड सुती चादर, दुहेरी शिवण, एका खांद्यावरून तिरकी जाणारी. माप घेताना हात आपोआप चार बोटं पुढे सरकला. लहान मुलाचं काहीही शिवायचं तर वाढत्या अंगाचं शिवायचं, हे मास्तरांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. सासूबाईंनीही कौतुक केलं, "छान ऐसपैस झालीये गं. वर्षभर बघायला नको."

सोमवारी साहेब त्या ऐसपैस झोळीत पार माझ्या पोटापर्यंत उतरले आणि कुरकुरायला लागले. समोर एका गिऱ्हाइकाचा शर्ट, सहा बटणं लावायची. डोळे नुसते मिटत होते. मी वैतागून म्हणाले, "एकदाचा गप्प बस रे बाबा!"

आणि तो गप्प बसला.

काय सुख होतं ते! खांदा ओढत होता, कंबर धरली होती, पण हात मोकळे होते आणि कानांना आराम होता. पाच बटणं लागली. सहाव्याला दोरा संपला, म्हणून रीळ शोधायला उठले, तेव्हा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. साहेब झोपेत घुरघुरतात. सासूबाई त्यांना मांजर म्हणतात ते त्यामुळेच. ती घुरघुर ऐकू येत नव्हती.

मी कापड बाजूला केलं. पोराचं मुटकुळं झालं होतं. हनुवटी छातीत रुतलेली, नाक कापडात, ओठांवर निळसर छटा.

मी ओरडले नाही, ओरडायलाही ताकद लागते. त्याला बाहेर ओढलं, मान सरळ केली. क्षणभर काहीच नाही. मग त्याने खोल श्वास घेतला आणि असा टाहो फोडला की मास्तरांच्या हातातली कात्री पडली. मी त्याच्यापेक्षा मोठ्याने रडले.

मास्तर दुकान तसंच उघडं टाकून आम्हाला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी त्याला नीट तपासलं, बराच वेळ थांबवून घेतलं आणि मग धोका नाही म्हणून सांगितलं. सिस्टरनी झोळी हातात घेऊन माझ्या अंगाला लावून पाहिली.

"बाळ एवढं खाली होतं? तुला मान वाकवून त्याच्या टाळूला ओठ लावता येत होते?"

"नाही."

"चेहरा दिसत होता?"

"नाही."

"हनुवटी आणि छातीमध्ये दोन बोटं तरी मावायला हवीत. मी सांगितलं होतं ना? इतकी सैल का शिवलीस?"

माझ्या आधी मास्तरच बोलले, "वाढत्या अंगाची आहे. मीच शिकवलंय तिला." ते जमिनीकडे बघत होते.

"बाईचं अंग बघून घट्ट बसायला हवी," सिस्टर म्हणाल्या. "तो वाढेल तेव्हा वाढेल."

दुकानात आल्यावर मास्तरांनी स्वतः शिवण उसवली, दुसरी चादर जोडून लांब पट्टा केला. दोन्ही खांद्यांवरून, पाठीवर फुली करून, पुढे गाठ. फिटिंग बघावं तसे ते चष्मा लावून समोर उभे राहिले. "अजून वर घे. ढील काढ. अजून. हं, आता ओठ टेकव." ओठ टेकले. टाळू ऊन होती.

"आणि उद्या वाढला तर?" मी सवयीने विचारलं.

"उद्या उद्याची गाठ मार."

साहेबांचा आवाज पुन्हा टिपेला पोचला होता. तेवढ्यात शर्टवाला आला. त्याने कानावर हात ठेवला. "अहो, केवढं रडतंय ते! गप्प करा की त्याला."

"नको," मी म्हणाले. "बसा तुम्ही. एकच बटण राहिलंय."