खिळ्यावरची जुडी

मित्रांनो, मी अमेरिकेतल्या कूसा नदीकाठच्या लष्करी किल्ल्याचा जुना दरवाजा. किल्ला केव्हाच कुजून गेला. माझ्या चार फळ्या तेवढ्या एका गोठ्याला लागल्या आहेत. त्यांतल्या एकीत एक गंजका खिळा आहे. त्या खिळ्याची गोष्ट ऐका.

मुळात मी तिथल्या मूळ रहिवासी क्रीक लोकांच्या रानातलं पाइनचं झाड. सैनिकांनी मला तोडलं, तासलं आणि त्याच लोकांना अडवायला उभं केलं! तरी चाकरी मी चोख केली. "काय भक्कम दरवाजा!" असं कुणी म्हटलं की मी फुशारून जाई.

एका वसंतात लष्कराचे अकरा घोडे चोरीला गेले. कप्तानाने टोमा नावाच्या क्रीक माणसाला ओलीस धरलं. ठरल्या दिवशी घोडे आले नाहीत तर त्याला फाशी. घोडे शोधायला त्याचा मेव्हणा एफा हार्जो निघाला. दिवस मोजायची रीत क्रीकांची होती. किल्ल्याकडे आणि एफाकडे दहा-दहा काड्यांची जुडी, रोज सकाळी एक काडी फेकायची, शेवटची पडेल तो ठरलेला दिवस. किल्ल्याची जुडी माझ्या खिळ्यावर टांगली गेली.

काडी फेकायचं काम पहारेकरी कॉनरचं. टोमाची बायको माहोई सोफ्की, म्हणजे मक्याची पेज, विकायला माझ्यापाशीच बसे. नवरा आत, ती बाहेर. रोज सकाळी एक वाडगा ती कॉनरलाही देई.

"उभ्याउभ्या घोरतोस काय रे कॉनर? घे, पी."

पाचव्या दिवशी कॉनरने उजाडता उजाडता, डुलक्या घेत काडी फेकली. न्याहारी करून आला आणि विसरून दुसरीही फेकली. मी पाहिलं. पण दरवाज्याला कोण विचारतो?

शेवटची काडी पडली. घोड्यांचा पत्ता नाही. अंगणात दोर बांधला, माझे अडसर घातले. माहोई मला मुठींनी बडवू लागली.

"कप्तान, आज नववाच दिवस आहे! माझ्या भावाकडे अजून एक काडी आहे!"

"नवऱ्याला वाचवायला बाई काहीही बोलेल," कप्तान म्हणाला. टोमाला दोराखाली आणलं.

तिने माझ्या फटीला तोंड लावलं. "कॉनर, तूच सांग. माझी सोफ्की किती दिवस प्यालास?"

कॉनरची पाठ मला टेकलेली होती. कबूल करावं तर फटके, गप्प राहावं तर एक जीव.

"नऊ वाडगे, साहेब," तो शेवटी म्हणाला. "एका सकाळी मी दोन काड्या टाकल्या. चूक माझी."

"उद्या सूर्य झाडांवर येईपर्यंत थांबतो. मग नाही," कप्तान म्हणाला.

दुसऱ्या सकाळी दोर बांधलेलाच होता. सूर्य झाडांवर आला तेव्हा धूळ उठली, एफा हार्जो घोडे हाकत आला. मी घोडे मोजले. अकरा! टोमा माझ्यातून बाहेर पडला. कॉनरने वीस फटके खाल्ले, आणि त्याच्या पाठीला अस्वलाची चरबी माहोईनेच चोळली.

पुढे बऱ्याच वर्षांनी सरकारने क्रीकांची जमीन घेतली. ती कायम त्यांचीच राहील, असं याच किल्ल्यात लिहून दिलं होतं. पश्चिमेकडे हाकलली जाणारी माणसं माझ्यासमोरून गेली. केस पिकलेली माहोई थांबली. तिने माझ्या खिळ्यावर नुसती दोरी टांगली, एकही काडी नसलेली.

"तुमच्या शब्दाच्या जुडीत काड्या तरी किती होत्या हो, कप्तान?"

नव्या कप्तानाने तिला पुढे चालायची खूण केली.

मित्रांनो, माझ्या फळ्यांना तेल लावलं नाहीत तरी चालेल. पण कुणाला शब्द दिलात तर तो रोज सकाळी आठवा. त्या दोरीला मी पाऊसवाऱ्यात खूप वर्षं धरून ठेवलं. तिची चौकशी करायला कुणीच आलं नाही.