उजवा कौल

गिरण्यांच्या संपाचा दुसरा पावसाळा तोंडावर आला होता. लालबागच्या आमच्या बैठ्या चाळीचं छप्पर बदलायचं ठरलं आणि चाळीला दुसरा विषय उरला नाही. मातीची कौलं घालायची की सिमेंटची? शेजारचे शामराव म्हणायचे, सिमेंटचं मांजरांच्या पायाने फुटत नाही. मला मातीचीच हवी होती. आमचे हे संपाआधी तिसरी पाळी करून दिवसा झोपायचे, सिमेंटखाली भाजून निघाले असते. पण मत घरच्या पुरुषाने द्यायचं, आणि हे संपामुळे मालवणकडे गावी नांगर धरून बसलेले.

परळचा आमचा गाववाला कुशाबा गावी निघाला होता. गाडी सुटता सुटता त्याला ओरडून सांगितलं, "ह्यांका सांग, कौल लावूची वेळ इली, काय ता कळवा!"

आठवड्याभरात हे स्वतःच दारात उभे.

"देवीन उजवो कौल दिल्यान," चपला काढता काढता म्हणाले. "उद्यापासून मी मिलात जातंय."

निरोप ऐकून यांनी गुरवाला बोलावलं होतं. देवीला पाकळ्या लावून विचारलं, कामावर परत जाऊ का? उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार.

"अवो, मी छपराचा इचारलंय!"

यांनी काढलेल्या चपला भिंतीशी सरळ लावल्या. मग म्हणाले, "देवीन दिलेलो कौल परत करूक येता काय?" बोलताना माझ्याकडे पाहिलं नाही. मीही पुढे विचारलं नाही.

सकाळी पहिल्या पाळीला डबा घेऊन निघाले तेव्हा सगळी दारं उघडी होती. "बुधाजी, खंय चललस?" असं कुणीच विचारलं नाही.

संध्याकाळी मी शामरावांना म्हटलं, "आमचं मत मातीचं."

"तुमच्या यजमानांनी दिलं की मत," ते म्हणाले. "मिलच्या गेटातून आत जाऊन."

जुने वासे सिमेंटचं ओझं सोसणार नाहीत म्हणून शेवटी मातीचीच आली. रविवारी चाळीची माणसं रांगेत उभी राहून कौलं हातोहात पुढे देत होती. हेही मध्ये उभे राहिले, त्यांच्या पुढे मी. त्यांच्या मागे शामराव. शामराव प्रत्येक कौल यांच्या पुढ्यात जमिनीवर ठेवायचे. हे हात पुढे करायचे, मग वाकून उचलायचे आणि माझ्या हातात द्यायचे.

छप्पर पुरं होईपर्यंत मी कौलं घेत राहिले. यांच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही.